अण्णा जिवंत असल्याचा फ्लेक्स

"ताई, माणिकअण्णांची माती किती वाजता हाय?"

शुक्रवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात हा फोन. आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात, आणि तिची वेळ फ्लेक्सवाल्याला हमखास ठाऊक असते. मी जुन्या जालन्यात फ्लेक्स छापते, त्यामुळे लोक मलाच विचारतात. पण अण्णांचं काम माझ्याकडे आलंच नव्हतं. इतक्या वर्षांची ओळख आणि शेवटचं काम दुसऱ्या दुकानात दिलं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसरा फोनही तसाच. मग स्वतः माणिकअण्णाच आले. बियाण्यांचे व्यापारी, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. पायरीवरूनच म्हणाले, "मंगल, मला कोणी मारलं ते सांग."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना मारणारा फ्लेक्स मीच छापला होता.

झालं असं होतं. शहरात फोटोग्राफीचा महोत्सव भरणार होता. विषय, फोटोचं भविष्य. म्हणजे आता कॅमेरा बाजूला ठेवून कॉम्प्युटरच फोटो बनवतो, तर पुढे काय होणार, हा. त्यासाठी पुण्याहून सायली मॅडम आल्या होत्या. त्यांनी आमच्या भागातल्या दुकानदारांचे फोटो काढले आणि एआयला सांगून सगळ्यांना वीस वर्षांनी म्हातारं केलं. माणिकअण्णांचा फोटो त्यांना फार आवडला, म्हणून तोच सर्वांत मोठा करून चौकात लावायचा ठरला. अण्णाही खूश. चौकात फोटो लागणार म्हणून आठवडाभर आधीपासून गिऱ्हाइकांना सांगत होते.

मॅडमनी दिलेली फाइल काळीपांढरी होती. मागे नुसता राखाडी रंग. मधोमध अण्णांचा सुरकुतलेला चेहरा, खाली नाव, नावाखाली जन्मसाल, मग एक आडवी रेघ आणि रेघेपुढे वीस वर्षांनंतरचं साल. महोत्सवाचं नाव कोपऱ्यात मुंगीएवढं.

मशीनवर बसणारा जावेदभाई माझा जुना माणूस. फाइल पाहून म्हणाला, "ताई, हे तर बराबर मयताचं लागून राह्यलं. फक्त फुलं न्हाईत."

मी मॅडमना बोललेही. "थोडा रंग टाकू. महोत्सवाचं नाव मोठं करू."

"नको ताई, मिनिमल हवंय."

मिनिमल म्हणजे गिऱ्हाईक अख्खा फ्लेक्स घेतं आणि निम्मा कोरा ठेवायला सांगतं. मी छापून दिला. गुरुवारी संध्याकाळी तो चौकात चढला आणि सकाळपर्यंत त्याच्या खाली तीन हार पडले होते.

"लोकांनी साल नाही का वाचलं?" मी अण्णांना विचारलं. "वीस वर्षं पुढचं आहे."

"वाचलं ना. म्हणतात, मंगलताईच्या दुकानात आकडा चुकला."

हे मात्र मला झोंबलं.

पण अण्णांचं दुखणं वेगळं होतं. रविवारी त्यांच्या मुलाचा साखरपुडा होता. मुलगी मंठ्याची. कोणीतरी फ्लेक्सचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला आणि तो अण्णांच्या आधी मंठ्याला पोचला. घरात मयत म्हणजे सुतक, सुतकात साखरपुडा नाही. त्यात मुलीची आजी म्हणायला लागली, ठरता ठरताच सासरा गेला, ही सोयरीक लाभायची नाही.

"मग फोन करा की त्यांना," मी म्हणाले.

"केल्ता. तूच ऐक." अण्णांनी पुन्हा फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडे मुलीचे वडील होते.

"व्याहीबुवा, मी माणिक बोलतोय. मी जित्ता हाय."

"आवाज तर अण्णांचाच हाय," पलीकडून सावकाश उत्तर आलं. "पण आजकाल कॉम्प्युटर कोणाचाबी आवाज काढून राह्यला."

"मंग व्हिडिओ लावतो."

"व्हिडिओत तर मेलेली माणसं भाषणं करून राह्यली. सोयरीक मोडू नये म्हणून तुम्ही लोक मयत लपवून राह्यले, असं आमच्या आईचं म्हणणं हाय. चौकात फ्लेक्स लागलाय. फ्लेक्स कोण खोटा लावतंय?"

फोटोचं भविष्य मॅडम शनिवारी जालन्याला दाखवणार होत्या. मंठ्याला ते आधीच पोचलं होतं.

"तुम्ही स्वतःच जाऊन या ना," मी सुचवलं.

अण्णा ताठ झाले. "मुलाच्या बापानं मुलीच्या दारात जाऊन हजेरी द्यायची? मी जिवंत हाय, बघून घ्या म्हणून? मेलो तरी जाणार न्हाई." मग खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "पोराला पोरगी लई पसंत हाय, मंगल. काल कपडे घेऊन आल्ता. सकाळपासून जेवला न्हाई." त्यांचे डोळे भरले होते. मला फार अपराधी वाटलं.

मी मॅडमना बोलावून घेतलं. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. पण फ्लेक्स काढायला त्या तयार होईनात. "उद्या उद्घाटन आहे ताई. पाहुणे त्याच चौकातून येणार. हा काढला तर मी दाखवू काय?"

अण्णा आणि मॅडम दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. तोडगा काढला जावेदभाईनं. मशीन पुसता पुसता म्हणाला, "ताई, आपल्याकडे जित्त्या माणसाचा फ्लेक्स एकच असतो."

खरंच की. आमच्या धंद्यात दोनच मोठी कामं. श्रद्धांजली आणि वाढदिवस. काळापांढरा माणूस गेलेला असतो, रंगीत माणूस असतो. वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की तो जिवंत आहे, यावर कोर्टही शंका घेणार नाही.

"अण्णा, वाढदिवस कधी?"

"एक जून."

यात नवल नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या मराठवाड्याचा वाढदिवस एक जूनच लिहिला आहे. बाहेर मात्र स्वेटरची थंडी होती.

"चालतंय," अण्णा म्हणाले. "लाव जल्दी."

मग जावेदभाईनं हात मोकळा सोडला. अण्णांच्या डोळ्यांवर गॉगल चढवला. मागे बर्फाचे डोंगर, पायाशी सिंह. टोपी काढून केस काळे केले. नाव पिवळ्या अक्षरांत, त्याला लाल कडा. खाली शुभेच्छुकांच्या डोक्यांची रांग. तिच्यात माझंही डोकं आलं, आणि माणसं कमी पडली म्हणून सायली मॅडमचंही. मॅडमनी डोळे मिटून मान हलवली. मिनिमल तिथेच संपलं.

दुपारी दोन्ही फ्लेक्स शेजारी शेजारी लागले. मॅडमनी स्वतः शिडी धरली. हार उचलून जावेदभाईनं रंगीत अण्णांना घातले. फोटो मंठ्याला गेला. थोड्या वेळात व्याह्यांचा फोन आला, "अण्णा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. रविवारी येऊन राह्यलो." म्हणजे अण्णांचा खरा आवाज खोटा, खरा चेहरा खोटा, गॉगल, डोंगर, सिंह आणि तारीख, सगळं खोटं असलेला फ्लेक्स मात्र बिलकुल खरा.

शनिवारी महोत्सवाचे पाहुणे त्या दोन फ्लेक्सपुढेच सर्वांत जास्त वेळ उभे राहिले. काय बोलत होते ते मला कळलं नाही, पण मॅडम हसत होत्या.

रविवारी साखरपुड्याला मीही गेले. मुलीच्या आजीनं अण्णांना खालून वर निरखलं. टोपी, पिकलेले केस, सुरकुत्या. मग तिनं लेकाला विचारलं, "गॉगल कुठंय याचा?" जावेदभाईनं निमूटपणे आपला मोटारसायकलवरचा गॉगल काढून दिला. अण्णांनी तो लावला, मग आजीनं पेढा घेतला. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत अण्णा गॉगलमध्ये आहेत.

महोत्सव संपल्यावर अण्णा दुकानात आले. चौकातून उतरवून आणलेला काळापांढरा फ्लेक्स नीट गुंडाळून काखेत मारला.

"फेकून द्या की आता," मी म्हणाले.

"फेकतो कशाला? फोटो चांगला आलाय. पुढं कधी लागलाच तर पोराला नवा खर्चा नको." दारातून वळून म्हणाले, "साल तेवढं बदलून दे तेव्हा. वीस वर्षं मला लई कमी पडून राह्यली."

तेव्हापासून माझा एक नियम आहे. काळ्यापांढऱ्या फाइलमध्ये दोन सालं आणि मधे रेघ दिसली की मी आधी विचारते, माणूस आहे का? असेल तर रंगीत छापते.