सुभद्राबाईचं खुरपं

सुभद्राबाईला इंग्रजीतलं अक्षर कळत नाही. पण लेकीची इंग्रजी कादंबरी पार विलायतेपर्यंत गाजली, आणि तिच्यात काय आहे ते ऐकून म्हातारी भडकली. भडकणारच! मेहकरपलीकडच्या त्या खेड्यात तिचा जन्म दुसऱ्यांची रानं खुरपण्यात गेला. त्यातला एकच दिवस तिच्या मालकीचा होता, आणि लेकीने नेमका तोच बापाच्या नावावर करून टाकला.

त्या दिवशी गावच्या बड्या शेतकऱ्याचा, जगदेवप्पाचा बैल मेला होता. बौद्ध झाल्यापासून वस्तीने मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. सुभद्राबाईच्या नवऱ्याने, नागनाथने, तोंडावर नकार दिला. जगदेवप्पा माणसं घेऊन दारात आला. त्यांनी नागनाथला केसाला धरून बाहेर ओढलं, काठ्यांनी बडवलं, त्याचा हात दगडावर ठेवून ठेचला. बोटं मोडल्याचा आवाज सुभद्राबाईने ऐकला. मग जगदेवप्पाने त्याच्या गळ्यात कासरा अडकवला. "आता तुलाच ओढतो," म्हणाला. सुभद्राबाई रानात निघालेली. तिने कडेवरचं पोर भुईवर टाकलं, कमरेचं खुरपं उपसलं आणि जगदेवप्पाचा डावा कान उतरवला. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली. माणसं पळाली.

पोलिसांपुढे नागनाथ म्हणाला, "मीच मारलं." लेक ज्योत्स्ना अजून अंगावर पीत होती, बायको आत गेली तर लेकरू जगायचं कसं? जगदेवप्पाही गप्प बसला. बाईने कान कापला, हे कोणत्या तोंडाने सांगणार? नागनाथ तुरुंग भोगून आला आणि मरेपर्यंत तेच सांगत राहिला. त्याच्या जिवापायी सुभद्राबाईनेही ओठ शिवले. लेक ते खोटं ऐकतच मोठी झाली.

परवा गावाने लेकीचा सत्कार ठेवला. अध्यक्ष कोण, तर जगदेवप्पा! डोक्याला कानावरून रुमाल बांधून शालीची घडी मोडत होता. "आपल्या गावची लेक," म्हणाला. सुभद्राबाईचं डोकं सणकलं. ती तडक मंचावर चढली.

"आई, कामून आलीस वर?" ज्योत्स्ना दचकली.

"तुझं पुस्तक चुकलंय, बाई." म्हातारी जगदेवप्पाकडे वळली. "खुरपं कुणाच्या हातात व्हतं, सांग हिला."

"नागनाथच्या," तो गुरगुरला. "सगळ्यांला ठावं हाय."

सुभद्राबाई एक पाऊल पुढे सरकली आणि तिने नुसता हात उचलला. रिकामाच होता. जगदेवप्पा खुर्चीसकट मागे कलंडला, आणि पडता पडता त्याने दोन्ही हातांनी उरलेला उजवा कान झाकून घेतला.

ज्योत्स्नाला आणखी काही विचारावं लागलं नाही.