जोरात नको, वारा लागेल

मी शहाद्याकडची, ब्राह्मणपुरीची. नर्स म्हणून माझी पहिली नेमणूक नर्मदेकाठच्या पाड्यांवर झाली. माझी बॅग भरताना आई म्हणाली, "तठे भलती थंडी शे. गोधडी लई जाय." मला हसू आलं. मी तापीकाठची, प्रकाशाच्या घाटावर पौषात अंघोळ केलेली. मला नदीच्या थंडीचं काय सांगतेस, असं मी तिला म्हणालेही.

पण घाटावर अंघोळ झाली की माणूस उन्हात उभं राहतं. इथे धरणाच्या फुगलेल्या पाण्यावरून दोन-दोन तास होडीत बसायचं होतं. पहिल्या फेरीला मी एकच जाड स्वेटर घालून गेले. मांडीवर लशींची पेटी, पेटीत बर्फ. पाड्यावर उतरले तेव्हा बोटं इतकी आखडली होती की पेटीची कडी उघडेना.

होडीवाले दादा पावरा आदिवासी होते, माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायचे. ते म्हणाले, "सिस्टर, स्वेटर जाड, पण भोकांतून वारा जातो." परतीच्या वेळी त्यांनी खताची रिकामी प्लास्टिकची गोणी धुऊन, डोकं जाईल एवढी कापून मला दिली. मी ती स्वेटरवरून चढवली. दिसायला बुजगावणं, पण वारा बाहेरच थांबला.

पुढे मी थंडीतल्या होडीची तयारी शिकत गेले. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे. कान झाकलेले हवेत. फळीवर न बसता तळाशी कोरडं गवत टाकून, वाऱ्याकडे पाठ करून बसायचं. निघण्यापूर्वी पोटात भाकरी असायलाच हवी. आणि काहीही झालं तरी मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत बांधून ठेवायचा. तीन हिवाळ्यांत माझा त्यात हात बसला. नवीन कोणी सोबत आलं की मीच त्यांची टोपी तपासायची.

तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी पाड्यावरून निरोप आला. दोन दिवसांची बाळंतीण तापाने फणफणली होती. तिला थंडी वाजून येत होती आणि बाळ फारच लहान होतं. मी पाड्यावर पोहोचून वजन केलं, तर माझ्या वजनकाट्यावर ते दोन किलोसुद्धा भरलं नाही. दोघांना दवाखान्यात न्यायलाच हवं होतं आणि होडीशिवाय रस्ता नव्हता. बाहेर पाण्यावर धुकं होतं, वारा सुटलेला.

बाळाच्या आजीने मडक्यात निखारे भरून ठेवले होते. "हे होडीत ठेवू, बाळाजवळ," ती म्हणाली.

"नको आजी. धूर बाळाच्या नाकात जाईल, आणि शेजारी डिझेलचा डबा आहे."

"मग ऊब कशाची?"

एरवी मी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधलं असतं. पण आई स्वतःच कुडकुडत होती, आणि तिच्याकडे बघायला मला हात मोकळे हवे होते. दाराशी बाळाचा बाप उभा होता. विशीतला, अबोल, उसाच्या तोडीवरून नुकताच परतलेला.

"शर्ट काढा," मी त्याला म्हणाले.

तो बघतच राहिला. आजी पदराआड हसली. "पुरुष कुठे लेकरू बांधतो काय?"

"छाती गरम असली म्हणजे झालं," मी म्हणाले. "आईची नसेल तर बापाची."

त्याने शर्ट काढला. बाळाला आईचं दूध पाजून घेतलं, अंग कोरडं पुसलं आणि त्याच्या छातीवर सरळ उभं निजवलं, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून माझी ओढणी गच्च बांधली, त्यावर त्याचा शर्ट, घोंगडी आणि सगळ्यांवर ती गोणी. बाळाचं डोकं तेवढं उघडं राहिलं. पिशवीतला कोरडा मोजा काढला आणि टोपीसारखा त्याच्या डोक्यावर ओढला. बरोबर बसला.

होडी सुटली तशी दादांनी इंजिन वाढवलं. घाई त्यांनाही होती. पण वेग वाढला की वारा चावायला लागतो.

"दादा, जोरात नको, वारा लागेल. डोंगराच्या आडोशाने, हळू घ्या."

"अर्धा तास जास्त लागेल."

"लागू दे."

त्यांनी इंजिन कमी केलं. होडी काठ धरून चालू लागली. मी बाळंतिणीला दोन गोधड्यांत गुंडाळून तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोडं थोडं कोमट पाणी पाजत राहिले. दर थोड्या वेळाने घोंगडीत हात घालून बाळाचे तळपाय बघत होते. अर्ध्या वाटेत ते गार लागले. ओढणी सैल झाली होती. पुन्हा आवळली, पाय बापाच्या पोटाशी दुमडले. त्याला म्हणाले, "ठीक आहे, असंच बसा." तो हललासुद्धा नाही. त्याचे स्वतःचे ओठ काळेनिळे पडले होते, पण तळवे त्याने बाळाच्या पाठीवर ठेवले होते ते काढले नाहीत. थोड्या वेळाने मी पुन्हा पाय चाचपले. ऊब परतली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी थर्मामीटर लावला आणि विचारलं, "होडीतून आणलंत? या थंडीत?" बाळाचा पारा जिथे असायला हवा तिथेच होता. बाळंतिणीला लगेच सलाईन लागलं. चौथ्या दिवशी तिचा ताप उतरला.

पोहोचलो त्या दिवशी ती आत झोपली असताना बाप मात्र बाळाला छातीशी बांधून बाकावर तसाच बसून होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्याने हळूच विचारलं, "सिस्टर, आता सोडायचं का?"

"दमलात?"

"नाही," तो म्हणाला. "झोपलंय ते. राहू द्या थोडं."

पंधरवड्याने ते तिघं परत निघाले ते भर दुपारी, ऊन बघून. या वेळी मला काही सांगावं लागलं नाही. होडीत चढण्याआधीच त्याने शर्टाची बटणं सोडली आणि बायकोकडे हात पुढे केले.