झाकणाखाली राहिलेला पासपोर्ट

मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

बाहेरच्या देशातून आलेल्यांच्या केसेस लढणाऱ्या वर्ध्यातल्या एका वकील मॅडमकडे मी इंटर्न आहे. आज एका सिंधी काकूंचा व्हिसा वाढवायला झेरॉक्स काढायच्या होत्या. (त्यांच्या वस्तीचं नाव आता मरेस्तोवर लिहिणार नाही.) दुकानात गर्दी होती, म्हणून मशीन मीच चालवली. ऑफिसात येऊन फाईल उघडली, तर पासपोर्टच नाही!

झेरॉक्स मशीनच्या झाकणाखालीच राहिला असणार. धावत परत गेले.

पासपोर्ट होता. पण काउंटरवर, उघडा. आणि तिघं जण त्यावर वाकलेले.

"काऊन वो ताई, हे बाई पाकिस्तानची हाय काय?" त्यातला एक म्हणाला. "आमच्याच गल्लीत राह्यते ना हे!"

मी पासपोर्ट उचलला आणि निघाले.

काकूंनी शेजारी सगळ्यांना माहेर उल्हासनगरचं सांगितलंय.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बेटा, कागज झाले ना? आता घाबरायचं काही नाही ना?"

"नाही काकू," मी म्हणाले.

मॅडमला उद्या सकाळी सगळं सांगणार आहे. पण तुम्हाला एकच विचारते. त्या तिघांत तुम्ही असता, तर आज घरी जाऊन काय बोलला असता?