पोटात काय आहे ते पाहू

पन्नाशीला टेकल्यावर मला सोनोग्राफीचं वेड लागलं. भूल देण्यात माझं अर्धं आयुष्य बोटांच्या अंदाजावर गेलं होतं. नागपूरच्या एका कार्यशाळेत ते छोटं मशीन हातात आलं आणि मी परतले ती पिसाटूनच. रुग्णाच्या खाटेशी न्या, शीर शोधा, छाती बघा, पोट रिकामं आहे का तेही बघा. सराव हवा म्हणून गोंदियातल्या आमच्या दवाखान्यात दिसेल त्याला मी आडवं करत सुटले. सिस्टर मला पाहून दुसऱ्या दाराने सटकायच्या. पोटात पोहे आहेत की इडली तेही मला दिसतं, अशी थाप मीच पसरवली होती.

आमचे सर्जन मात्र मशीनला खेळणं म्हणायचे. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण तोऱ्यात मोठे.

श्रावणातल्या एका सोमवारी दवनीवाड्याचे एक शेतकरी पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी टेबलावर आले. पूर्ण भूल द्यायची होती. रात्रीपासून काही खाल्लं नाही, असं ते म्हणाले, त्यांच्या बायकोनेही तेच सांगितलं. मी पोटावर मशीनचा प्रोब ठेवला, तर पडद्यावर ढवळलेल्या पेजेसारखं काहीतरी गच्च भरलेलं. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी होऊन ती फुप्फुसात गेली, तर धडधाकट माणूस हातचा जातो. मी केस घेणार नाही म्हटलं.

सर्जन उखडले. "मॅडम, वो खिलौना बंद करो और केस लो."

खरं सांगायचं तर मीही आतून टरकले होते. शिकून फार दिवस झाले नव्हते, आणि चुकले असते तर गावभर हसं झालं असतं. पण टेबलावरचा माणूस माझ्याकडे टकमक बघत होता, आणि त्याचा श्वास माझ्या जबाबदारीवर होता. माझं डोकं तापलं की मला खोड्या सुचतात. मी गोड आवाजात म्हटलं, सर, तुमचा आज निर्जळी उपास आहे, सकाळपासून सांगताय. बाजूच्या खोलीत चला, रिकामं पोट कसं दिसतं ते तुमच्यावरच दाखवते. दोन सिस्टर ऐकत होत्या, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. खेळण्याला काय दिसणार, या भरवशावर ते ऐटीत आडवे झाले.

महादेवाची कृपा, पडदा भरलेला होता. एक सिस्टर तोंडाला पदर लावावा तसा मास्क दाबून बाहेर पळाली. मी वाकून विचारलं, तेव्हा समोसे असं हळूच उत्तर आलं. त्यांच्या घरी मी हे कधीच सांगितलं नाही, फक्त अधूनमधून सांगेन अशी धमकी देते.

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. बाहेर येऊन मी शेतकऱ्याच्या बायकोला झापलं. आधी त्या खाली मान घालून बसल्या, मग एकदम भडकल्या. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला त्यांच्या घरातून कुणी उपाशी पाठवत नाही, म्हणून पहाटे त्यांनी नवऱ्याला वरणभात चारला होता.

"पोट कापाले नेऊन राहिले तुमी," त्या म्हणाल्या. "उपाशी माणसाले परक्याच्या हाती कायले देऊ?"

झापणं सोडून मी त्यांच्या शेजारी बसले. त्या जेवणाने नवरा मेला असता, हे मी सावकाश, घाबरवूनच समजावलं.

दुसऱ्या सकाळी त्यांच्या नवऱ्याचं पोट तपासलं. स्वच्छ रिकामं. मी ऑपरेशनला निघाले तशी बाईंनी दारात माझा हात धरला आणि स्वतःच बाहेरच्या बाकावर आडव्या झाल्या.

"काल मी खोटी बोलली," त्या म्हणाल्या. "आता माह्या शब्दावर तुमचा भरोसा नाई. कालपासून माह्याबी पोटात काई नाई, तो बाहेर येईपर्यंत जाणारबी नाई. मशीन लावून पाहा जी."

कशाचीच गरज नव्हती, तरी मी प्रोब ठेवला. पडद्यावर काहीच नव्हतं.