समोरून कोणी न येणारा रस्ता

हिमायतनगरातल्या आमच्या गल्लीतून निघालो तेव्हा उजाडायचं होतं. गाडीच्या आवाजाने दोन कुत्री उठली, आणि वरच्या मजल्यावरच्या रावगारूंच्या खिडकीत दिवा लागला. मी ओढणी डोक्यावरून घेऊन तोंड लपवता येतं का ते बघत होते. गाडी माझीच, म्हणजे कागदोपत्री. पण दोन वर्षांपूर्वी माझा अपघात झाला आणि तेव्हापासून ती माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या ताब्यात आहे.

अपघात म्हणजे एक पाण्याचा टँकर उलट्या बाजूने सरळ माझ्यासमोर आला. खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलंही. जुळलं नाही ते दुसरंच काहीतरी. स्टिअरिंगला हात लावला की तळव्यांना घाम फुटायचा आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी माझ्याच अंगावर येतेय असं वाटायचं. ज्या बाईने उभी हयात ह्या शहराच्या रहदारीशी भांडत गाडी चालवली, ती ऑटोवाल्यांच्या मिनतवाऱ्या करत कॉलेजात शिकवायला जाऊ लागली. ह्याची मला फार लाज वाटायची. परत कधी गाडी चालवता येईल का, हा एकच प्रश्न मनात होता आणि तो मी कोणाला विचारत नव्हते.

श्रीकांत मूळचा पुण्याचा, संगणकाच्या नोकरीसाठी हैदराबादेत आला आणि मी भेटल्यावर इथलाच झाला. गाडी दुरुस्तीला टाकली ती त्याने, पण दुरुस्ती झाल्यावर थांबेल तर शपथ. आधी मोठे ब्रेक बसवले, मग रुंद टायर, मग स्प्रिंगा बदलून गाडी बुटकी केली, आणि शेवटी तो ढणढणता सायलेन्सर. माझी साधीसुधी गाडी पार गुंड होऊन घरी आली. वर ह्याने शमीरपेटच्या पुढच्या एका ट्रॅकवर दोघांची नावं देऊन टाकली. हौशी लोकांनी आपापल्या रोजच्या गाड्या तिथे आणायच्या आणि दिवसभर मनसोक्त पळवायच्या. शर्यत नाही, बक्षीस नाही. मी म्हटलं, बसायला येईन, चालवायला नाही. तो बरं म्हणाला, आणि इतक्या पटकन म्हणाला की मला संशयच आला.

अलवाल मागे पडलं तसं उजाडलं. रस्त्याकडेच्या एका बंडीवर (हातगाडीवर) इडली आणि कारमपोडी (तिखट पूड) खाल्ली. श्रीकांतला अजूनही पोडी झेपत नाही. डोळे पुसत पुसत खात होता. पुढे दोन्ही बाजूंना ते आपले थोराड खडक सुरू झाले, एकावर एक ठेवलेले, आत्ता पडतील असे वाटणारे आणि जन्मात न पडणारे.

आणि मग एका चढावरून ट्रॅक दिसला. काय सांगू, मी श्रीकांतला गाडी थांबवायलाच लावली. खडकांच्या मधून काळाभोर, रुंद रस्ता वळत वळत जात होता. त्यावर एक खड्डा नाही, दुभाजक नाही, म्हैस नाही, मधेच उगवलेला स्पीडब्रेकर नाही. सगळा मोकळा, उन्हात नुसता चमकत पडलेला. रस्ता इतका देखणा असू शकतो हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. आता ह्याला वेडेपणा म्हणा हवं तर.

खाली तपासणी होती. गाडीत एकही सुटी वस्तू चालत नाही, वेगात ती उडून डोक्यात बसते. झालं, आमचं बिऱ्हाड बाहेर पडू लागलं. छत्री, पायपुसणी, पाण्याच्या बाटल्या, सुलतान बाजारातून आणलेली आणि शिंप्याकडे द्यायची राहिलेली दोन ब्लाऊजपिसं, आणि सीटखाली दडवलेला धपाट्यांचा डबा. तपासणाऱ्या मुलीने डबा हुंगला आणि हा आपल्या टेबलावर सुरक्षित राहील म्हणाली.

सगळ्यांना नियम समजावणारे मुनीरसाहेब इथले मुख्य शिक्षक. पांढरी दाढी, करारी आवाज, आणि तरुणपणी मोटारींच्या रॅलीत मोडून घेतलेला डावा गुडघा. एकमेकांच्या पुढे जायचं ते फक्त सरळ पट्ट्यावर, आणि तेही पुढच्याने हाताने वाट दाखवली तरच, एवढं त्यांनी तीनतीनदा सांगितलं. माझं निम्मं लक्ष हेल्मेटचा पट्टा सोडवण्यात होतं.

पहिल्या खेपेला श्रीकांत चालवत होता आणि मी शेजारी. पहिल्या वळणापाशी त्याने ब्रेक दाबला आणि पट्ट्याने मला असं आवळलं की श्वासच अडकला. गाडी वळणात शिरली, टायर कण्हले, पण ती रेसभरही सरकली नाही. माझीच गाडी ही? ह्या माणसाने दोन वर्षं रविवारचे रविवार हिच्यासाठी घातले आणि मी फक्त आवाजावरून कटकट केली! चार-पाच फेऱ्यांनंतर एक गोष्ट ध्यानात आली. माझे हात मांडीवर होते. शहरात शेजारी बसले की मी दाराची मूठ सोडत नाही.

खाली उतरल्यावर मुनीरसाहेबांशी बोलताना टँकरचं सांगून गेले. का, कोण जाणे. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि समोरच्या रस्त्याकडे बोट केलं.

"मॅडम, इधर सामने से कोई नै आता. कब्बी नै."

मी किल्ली मागितली. श्रीकांतने ती माझ्या हातावर ठेवली आणि दुसरीकडे बघत राहिला.

मुनीरसाहेब शेजारी बसले. पहिल्या फेरीत तळव्यांना घाम होताच. तो मी सलवारीला पुसत होते. नजर सारखी समोरून कोण येतंय ते शोधत होती आणि समोर कोणीच येत नव्हतं. तेवढ्यात आरशात एक लालभडक परदेशी गाडी दिसली. वाट द्यायची हे आठवलं. मी खिडकीतून हात काढला आणि तळवा पसरून दाखवला, अगदी आपण रस्ता ओलांडताना बसला दाखवतो तसा. ती बिचारी गाडी कचकन हळू झाली. मी परत तळवा दाखवला, ती आणखी हळू. तिच्यामागे दुसरी आली, मग तिसरी, आणि अख्खी फेरी सगळी वरात माझ्यामागे रांगत राहिली. एकानेही हॉर्न वाजवला नाही. हैदराबादेत माझ्यामागे तीन गाड्या गप्प चालत राहिल्या, हे मी माहेरी सांगितलं तरी कोणाला पटणार नाही.

मुनीरसाहेब हसून हसून लाल झाले होते. "आप सबकू रोक रैं, मॅडम," ते म्हणाले. अडवायचं नाही, कोणत्या बाजूने जायचं ते बोटाने दाखवायचं.

पुढच्या सरळ पट्ट्यावर मी उजवीकडे बोट दाखवलं. लाल गाडी गर्जत शेजारून गेली आणि आतल्या माणसाने हात उंचावून आभार मानले. मग दुसरी, मग तिसरी. तेवढे अवजड, आग ओकणारे प्राणी माझ्या एका बोटावर जात होते. दोन वर्षं गाडी म्हणजे माझ्या अंगावर येणारी वस्तू झाली होती. इथे मी म्हणेन तेव्हा आणि म्हणेन तिकडून जात होती. हेल्मेटच्या आत मला रडू फुटलं आणि पुसायला हात पोचेना. मुनीरसाहेब खिडकीबाहेर बघत बसले.

दुपारी सगळ्यांनी मिळून धपाटी खाल्ली. लाल गाडीवाला तरुण डॉक्टर निघाला. त्याने चार हाणली आणि माझी माफी मागितली, ती कशाबद्दल ते त्यालाही माहीत नव्हतं.

परत निघताना श्रीकांतने किल्लीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही. तो वळसा घालून शेजारी बसला. अलवालच्या चौकात एक मोटरसायकल उलट्या बाजूने थेट समोर आली. तळवे भिजले, पाय आपोआप ब्रेकवर गेला, आणि ते नवे ब्रेक जागच्या जागी लागले. मोटरसायकलवाला दात काढत निघून गेला. ह्या शहरात समोरून कोणीतरी येणारच, ते काही मला बदलता यायचं नाही. पण भीती बरोबर घेऊनही गाडी हाकता येते, एवढं मला त्या चौकात कळलं.

शेजारी बघितलं तर श्रीकांत तोंड उघडं टाकून झोपलेला. दोन वर्षांत गाडीत झोपायची सोय त्याला कुठे होती? टँकबंडवर संध्याकाळचे दिवे लागले. हिमायतनगरात आमची गल्ली आली आणि मी सरळ पुढे नारायणगुड्याकडे गेले. पुलावर त्याला जाग आली.

"अगं, आपलं वळण मागे राहिलं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तू झोप."