नलूताई आणि हरवलेली फाइल

कॉम्प्युटरवर बिघाडाची पाटी उमटली की नलूताई दोन्ही हात पाठीमागे बांधायची. माऊसला शिवायचीसुद्धा नाही. पाटीवरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचायची आणि मला म्हणायची, "आधी वाचूया गो. घाबरायचं ते मग आहेच."

मिरकरवाड्यातल्या एका मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात आम्ही दोघी कामाला होतो. ती माझ्याहून बरीच मोठी. तिचा धाकटा भाऊ दिनू सोसायटीतल्याच एका बोटीचा तांडेल. बोट तोच चालवायचा.

एका दुपारी वादळी वाऱ्याचा इशारा आला तेव्हा बऱ्याच बोटी बाहेर होत्या. वायरलेसवरून एकेक जण परत निघाल्याचं कळवत होता. दिनूची बोट मात्र उत्तर देईना. बोटी कुठे आहेत ते दाखवणारा प्रोग्राम मी उघडायला गेले, तर पाटी आली. अमुक नावाची फाइल सापडत नाही, प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बाहेर छपराचे पत्रे वाजायला लागले होते.

नलूताईने पाटी वाचली. हात पाठीमागे बांधून, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली.

"प्रोग्राम जागेवर आहे. त्याला लागणारी एक फाइल गेलीय," ती म्हणाली. "सकाळी आपण तो जुना बिलांचा प्रोग्राम काढून टाकला ना? ही फाइल दोघांत सामाईक असणार. विहीर असते ना गो सामाईक, तशी. एक घर उठून गेलं नि जाताना विहीर बुजवून गेलं."

तोवर आत आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मोबाईलवर कुठल्याशा साइटवर त्याच नावाची फाइल शोधून काढली होती. "फुकट मिळतेय. टाका पटकन!"

"नको, साहेब. नाव तेच असेल, पण आत काय भरलंय कोणाला ठाऊक? आहे ते मशीनही जाईल."

"अहो, तुमचा भाऊ आहे तिकडे!"

"म्हणूनच नको म्हणते."

तिने कपाटातून प्रोग्राम देणाऱ्यांचाच पेनड्राइव्ह काढला आणि प्रोग्राम नव्याने बसवायला घेतला. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. दिवे मिणमिणले. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. लाईट गेली असती तर?

नकाशा उघडला. बोटीवरच्या जागा कळवणाऱ्या यंत्राची बॅटरी वेगळी होती, म्हणून दिनूचा ठिपका दिसला. जयगडच्या बाजूला, खडकांकडे वाहवत चाललेला. नलूताईने माईक उचलला आणि जवळच्या बोटीला जागा सांगितली. आवाज जराही हलला नाही. त्या बोटीवाल्यांनी दिनूची बोट दोर टाकून ओढून आणली. इंजिन आणि वायरलेस दोन्ही बंद पडले होते.

संध्याकाळी दिनू भिजलेला धक्क्यावर उतरला. नलूताईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच जाळ्यांच्या ढिगावर बसून हमसून हमसून रडली.

त्याच महिन्यात तिने नोकरी सोडली. "ही भीती आता मला पेलवत नाही," म्हणाली.

"नि मी एकटी काय करू?" मी विचारलं.

"फोन कर की गो. तू इथे घाबर, मी घरी घाबरते. दोघींत वाटून घेऊ."


अजूनही वादळाचा इशारा आला की मी फोन करते, आणि ती पहिल्याच रिंगला उचलते.