वासाची घंटा

अन्याय झाला तो पहिल्या मजल्यावरच्या काकूंवर. गेल्या वर्षी, गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता. सोसायटीच्या गेटपाशी, आठ-दहा जणांच्या देखत. त्या आठ-दहांत मीही होतो आणि त्यांच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. उलट स्टूल मीच धरलेलं.

त्या स्टुलावर चढून मॅनेजमेंट कंपनीच्या मॅनेजरने गेटवरची पितळी घंटा काढली.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूची. इथल्या माणसाला कारखान्यांचा वास समजावून सांगावा लागत नाही. कधी सडक्या कोबीसारखा, कधी नेलपॉलिशसारखा, कधी नुसताच घसा खरवडणारा. येतो बहुतेक पहाटे. कुठून येतो आणि त्यात काय असतं, हे आम्हाला आजवर कोणी सांगितलेलं नाही. घंटा होती गणपतीच्या मांडवातली. विसर्जन झालं की ती परत गेटवर लागायची आणि वर्षभर काकूंच्या ताब्यात असायची. काकू पाचला दुधासाठी खाली उतरायच्या. वास आला की दोरी ओढायच्या. तीन टोले, जरा थांबून परत तीन. दोन्ही विंगमध्ये धडाधड खिडक्या लागायच्या, फटींना ओले टॉवेल जायचे. माझे बाबा दम्याचे पेशंट. ते आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसायचे. हवा सुटली की काकू एकच टोला द्यायच्या. म्हणजे उघडा.

हा नियम कुणी लिहिला नव्हता. मी शाळेत जायच्या आधीपासून तो चालत आलेला.

बाकी सोसायटी आम्हीच चालवायचो, म्हणजे चालवायचो नाही. टाकी कोणी साफ करायची यावर दोन विंगचं भांडण आणि टाकीत गाळ. लिफ्ट बंद पडली की आठ दिवस बंद. शेवटच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी कोण होणार असं विचारल्यावर अर्धा तास सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसलेले. मला संताप आला. मी तेव्हा पाण्याच्या आंदोलनाची पत्रकं लिहायचो, हात तयार होता. घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं आणि प्रत्येक दाराखालून सरकवलं. मथळा होता: ‘सोसायटी नाकावर चालत नाही, सिस्टिमवर चालते. कंपनी आणा.’

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, “लिहितोस झकास. पण हे नाकाचं काय? काकूंना टोमणा मारलास का रे?”

“अहो बाबा, सगळ्या आळशांना मारलाय.”

“आळशी पाचला उठत नाहीत.”

मी हसलो. ठराव हात वर करून पास झाला. काकूंनीही हात वर केला.

खोटं सांगणार नाही, कंपनीने कामं केली. जिने चकाकले. टाकी वेळेवर साफ व्हायला लागली, लिफ्ट चालू राहिली. तक्रारीसाठी फोनवर ॲप आलं. मग नवीन आलेल्या एका घरातून त्या ॲपवर तक्रार गेली, की पहाटे घंटेने बाळ दचकतं. आणि तो सोमवार आला.

“मॅडम, नॉइज कंप्लेंट आहे,” मॅनेजर म्हणाला.

“मेल्या, मॅडम कुणाला म्हणतोस? आणि वास आल्यावर करायचं काय?”

“सिक्युरिटीला सांगायचं. ते ॲपवर टाकतील, सगळ्यांना मेसेज जाईल. घंटा कशाला? देऊळ आहे का हे?”

दोघं-तिघं हसले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी स्टूल धरून होतो. मी म्हणालो, “काकू, तुम्हालाच आराम आहे आता.” त्या पिशवी उचलून वर गेल्या. दुपारपर्यंत घंटेच्या जागी कॅमेरा लागला.

थंडीत हवा खाली बसते. अशाच एका डिसेंबरच्या पहाटे मला जाग आली ती घशाने. वास होता. मी डोळे उघडे ठेवून पडून राहिलो आणि मनात आलं, घंटा झाली नाही, म्हणजे एवढा काही नसणार. कूस बदलली. परत डोळा लागला. मग बाहेरच्या खोलीतून ग्रिलचा आवाज आला.

बाबा खिडकीशी उभे होते. दोन्ही हातांनी ग्रिल धरलेलं, खांदे वर चढलेले, तोंड उघडं. बोलता येत नव्हतं. ओठ निळे पडलेले. खिडकी सताड उघडी होती. मोकळी हवा लागते म्हणून ते ती उघडी ठेवूनच झोपायचे.

रिक्षात त्यांना मांडीवर धरून नेलं. वाचले. पण ते पूर्वीसारखे झाले नाहीत, होणारही नाहीत. आता घरात ऑक्सिजनचं मशीन घरघरतं आणि नळीची लांबी जिथे संपते तिथे बाबांचं घर संपतं.

बोलता यायला लागल्यावर त्यांनी सांगितलं, “मला पाचलाच वास आलेला रे. म्हटलं, घंटा झाली की उठू.”

घंटा काढलीय हे त्यांना माहीत होतं. मला तर होतंच. तरी आम्ही बापलेक दोन खोल्यांत पडून तिची वाट बघत होतो. इतकी वर्षं वास काकूंनी घेतला आणि आम्ही फक्त टोले ऐकले. टोले नाहीत म्हणजे हवा चांगली, हे आमच्या अंगात मुरलं होतं.

सकाळी पावणेदहाला, मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर असताना, फोनवर मेसेज आला: ‘प्रिय रहिवासी, आवारात दुर्गंधीची तक्रार नोंदवण्यात आली आहे.’ काकूंनी पाच वाजून पाच मिनिटांनी गार्डला सांगितलेलं. तो महिन्यापूर्वी आलेला. त्याने दिसला त्या रकान्यात टाकलं, साफसफाई. दहा वाजता एक माणूस आला आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी फिनेल ओतून गेला. तक्रार बंद.

काकू दुपारी डबा घेऊन आल्या. “हात वर गेला रे माझा,” त्या म्हणाल्या. “सवयीने. दोरी कुठाय बघते तर कॅमेरा.”

“ओरडायचं ना काकू!”

“ओरडले. तुमच्या बी विंगपर्यंत पोचतो का आवाज या वयात? तूच म्हणालेलास ना, मला आराम आहे.”

मी मॅनेजरकडे गेलो. घंटा ऑफिसच्या कपाटात आहे, चिठ्ठी चिकटवलेली: ‘भंगार’. “सर्वसाधारण सभेचा ठराव आणा, लगेच लावतो,” म्हणाला. लावायला ठराव लागतो, काढायला माझं स्टूल पुरलं. ठरावासाठी मी दारोदार फिरलो. लोक म्हणतात, बघू, जिने तर स्वच्छ आहेत ना.

जिने स्वच्छ आहेत. झाडायला, लिफ्टला, टाकीला कंपनी ठेवा, माझं भांडण नाही. पण नाक कंत्राटावर देता येत नाही, आणि द्या असं पत्रक मी लिहिलं.

काकू या महिन्याअखेर कोपरीला लेकीकडे राहायला चालल्यात. कायमच्या. गेल्या आठवड्यात दोनदा वास आला, असं त्यांनीच सांगितलं. मला एकदाच कळला. बाबा पाचला उठून बसतात आणि मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून विचारतात, “येतोय का रे?” मी खिडकीच्या फटीला नाक लावतो. “नाही,” म्हणतो. खरं तर मला कळत नाही. आणि महिनाअखेरीनंतर ज्याला कळतं असं या बिल्डिंगमध्ये कोणी उरणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय, वाचणाऱ्याला. तुमची सोसायटी कंपनी चालवत असो की तुम्ही. उद्या पाचला उठा. ॲप बघू नका, खिडकीशी जा आणि स्वतःच्या नाकाने वास घ्या. आला, तर शेजारचं दार वाजवा, उघडेपर्यंत वाजवा. ठराव नंतर करू.